आप्पांचा अंगठा

आप्पांच्या हाताशी कुठलीही गोल वस्तू आली की ते तिच्या टोकावर अंगठा दाबत. मग तो अंगठा नाकाशी नेत, डोळे अर्धे मिटत आणि निकाल देत. "टिकंल." नाहीतर, "न्हाई टिकत."

ही सवय कांद्यामुळे लागलेली. कांद्याची मान दाबायची, बोटाला ओल लागते का बघायची, वास घ्यायचा. पण सवयीला कुठं थांबायचं ते कळत नाही. आप्पा कलिंगड दाबत, नारळ दाबत, नातवाचा रबरी चेंडू दाबत. माझ्या बायकोनं दौंडच्या बाजारातून हौसेनं आणलेली उशीसुद्धा त्यांनी एकदा दाबून पाहिली आणि "न्हाई टिकत" म्हणून परत ठेवली. चार महिन्यांत उशीचा कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला. त्यांच्या पुतणीला बघायला मुलगा आला, तेव्हा आप्पा त्याच्या मानेकडे इतका वेळ बघत बसले, की पोरगं कॉलर नीट करायला लागलं. पाहुणे गेल्यावर घरातल्या बायका आप्पांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आप्पा म्हणाले, "टिकंल." लग्न ठरलं.

अशी एक-दोन माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांचं शिक्षण कुणी विचारत नाही, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय गावात कुणाचं पान हलत नाही.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला आणि तिथल्याच पार्सल ऑफिसात पिकलेला माणूस. निवृत्त झाल्यावर केडगावच्या अलीकडे एका वाडीत दोन खोल्या बांधल्या. प्लॉट स्वस्त का मिळाला ते पहिल्या उन्हाळ्यात कळलं. भिंतीपलीकडे आप्पांची कांद्याची चाळ होती. लांबलचक, दोन्ही बाजूंनी फटी ठेवलेली, जमिनीपासून वर उचललेली. त्या फटींतून वारा कांद्यातनं जायचा आणि तिथून थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा. बायको आठवडाभर नाकाला पदर लावून फिरत होती. आठव्या दिवशी आप्पांनी पोतंभर कांदा आणून दारात ओतला आणि म्हणाले, "वैनी, वास फुकाट घेताय, मंग कांदा बी फुकाट घ्या." तिचा पदर खाली आला तो कायमचा.

मला ते मास्तर म्हणायचे. मी स्टेशनमास्तर कधीच नव्हतो, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांच्या लेखी रेल्वेचा पगार घेतो तो मास्तर. मीही पुढं वाद घातला नाही. नोकरीत जे प्रमोशन मिळालं नाही ते आप्पांनी दिलं, नाही कशाला म्हणा?

उन्हाळ्यात चाळी भरायची वेळ आली की आसपासच्या वस्त्यांवरून आप्पांना बोलावणी येत. मोटरसायकलच्या मागं बसून ते जात, ढिगातले चार कांदे उचलत आणि अंगठ्यानं दाबत. त्यांचा न्याय साधा होता. मोठा, जाड मानेचा कांदा दिसायला देखणा, पण चाळीत तोच आधी सडणार आणि शेजारच्याला घेऊन सडणार. बारका, घट्ट, बारीक मानेचा कांदा दिवाळी बघणार. एका शेतकऱ्यानं ऐकलं नाही. त्याचा कांदा नारळाएवढा झाला होता, मोह सुटेना. श्रावणात त्याच्या चाळीखालनं काळं पाणी वाहायला लागलं आणि लोक नाक धरून लांबच्या वाटेनं जाऊ लागले. तेव्हापासून आप्पांच्या अंगठ्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. बायकांनी हे वाचायला हरकत नाही, त्यांना हे सगळं आधीपासून माहीत असतं.

आम्ही सात-आठ साठीपुढचे लोक संध्याकाळी आप्पांच्या चाळीच्या सावलीला बसायचो. गप्पा रंगात यायच्या आणि एकेकजण उठून चाळीच्या मागं जायचा. बराच वेळ यायचा नाही. आला की गप्प बसायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठायचा. प्रत्येकाचं हेच. पण बोलायचं कुणी नाही. उसाचं बोलायचं, सोसायटीच्या निवडणुकीचं बोलायचं, सुनेचं बोलायचं, लघवीचं नाही.

ती कोंडी आप्पांनी फोडली. एकदा चाळीमागून आले आणि धोतर सावरत सगळ्यांदेखत म्हणाले, "आरं, मागं जाऊन हुबा ऱ्हातो तर इतका येळ जातुया, की काय करायला आलोय त्येच इसरून जातंय. तुमचं बी असंच हाय का मलाच काय झालंय?"

मग एकजण म्हणाला, "माझं बी." मग दुसरा. मग मी. आमच्या त्या मंडळानं त्या दिवशी जेवढी मोकळी हवा खाल्ली तेवढी चाळीतल्या कांद्यानंसुद्धा खाल्ली नसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेत आरोग्य शिबिर लागलं. आप्पांनी आम्हा सगळ्यांना शेरडं हाकावीत तसं हाकत नेलं. रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट हातात आले, ते घेऊन आम्ही घरी गेलो नाही, सरळ चाळीपुढं जमलो. प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी पुरुषाला असते, मूत्राशयाच्या तोंडाशी, आणि वय झालं की ती वाढते, एवढं शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रत्येकाच्या कागदावर तिचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. वजन म्हटल्यावर या मंडळींना आणखी काय पाहिजे? बाजार समितीत लिलाव लागावा तसे आकडे पुकारले गेले. "माझी चाळीस." "माझी पन्नासला टेकली." आप्पांची शंभरच्या पुढं निघाली. लोकांनी च्च च्च केलं. माझी सगळ्यांत लहान, विशीच्या घरातली.

रक्तातला जो एक आकडा या ग्रंथीसाठी बघतात, तो आप्पांचा आणि माझा जवळजवळ सारखाच आणि वाढलेला होता. दोघांच्याही कागदावर 'तज्ज्ञांना दाखवणे' असं लिहिलं होतं. शंका अर्थातच कॅन्सरची. हा शब्द आमच्यात कुणी उच्चारला नाही, सगळे 'तसलं काही' म्हणाले.

आप्पांनी एका हातात माझा कागद घेतला, दुसऱ्या हातात स्वतःचा. अंगठ्याला मात्र दाबायला काही नव्हतं, म्हणून तो नुसताच नाकाशी नेला. म्हणाले, "मास्तर, तुमची गोल्टी हाय." गोल्टी म्हणजे बारका कांदा. "गोल्टी टिकती. तुमी बिनघोर ऱ्हावा. माझा ह्यो जाड मानंचा. आपला काय भरवसा न्हाई."

आणि मी बिनघोर राहिलो. बायको म्हणाली, तज्ज्ञांना दाखवा. मी म्हटलं, आप्पांनी सांगितलंय. तिनंही मान डोलावली. त्या वाडीत आप्पांच्या निकालावर अपील नव्हतं.

आप्पांनी स्वतःपुरता निकाल मनावर घेतला. दोन्ही लेकी माहेरी आल्या. पाहुणे मोसंबी घेऊन येऊ लागले. आप्पा चाळीपुढं बाजेवर बसून सगळ्यांना चहा पाजत आणि कुणी डोळ्याला पदर लावला की म्हणत, "रडायचं तर चाळीत जाऊन रडा, कांद्याच्या नावावर खपंल." थोरल्या मुलाला त्यांनी चाळ कशी उलथायची, खराब कांदा कसा हुडकायचा, हे सगळं पुन्हा एकदा शिकवलं. मग तपासणीसाठी पुण्याला गेले. आत सुया घालून तुकडे काढतात, ती तपासणी. तिचा निकाल आणायला गेले त्या दिवशी तर आमच्या वाडीत कुणी शेताकडे फिरकलं नाही.

दुपारच्या डेमू गाडीनं आप्पा आणि त्यांचा थोरला केडगावला उतरले. त्यांच्या दारात माणसं जमलेली. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. आप्पा आले, लेकी पुढं झाल्या, त्यांच्या बायको, आक्का, दारात उभ्या राहिल्या. आप्पा त्या सगळ्यांच्या मधून गेले ते थांबलेच नाहीत. सरळ माझ्या ओट्यापुढं आले. घामानं सदरा अंगाला चिकटलेला, टोपी हातात. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "म्या तुमाला चुकीचं सांगितलं."

मागची माणसं आमच्याकडे सरकली. आप्पांनी आवाज कमी केला नाही.

"कांद्याचा न्याय हितं लागत न्हाई. उलटं हाय सगळं. माझी एवढी मोठी, पर आत सापडलं त्ये बारीक हाय, गरीब हाय. डाक्टर म्हनला, नुसतं ध्यान ठिवू. तवा म्या इचारलं, आन् आमच्या मास्तरची गोल्टी हाय तिचं काय? आकडा माझ्याइतकाच. तर डाक्टरनं हातातला पेन खाली ठिवला. म्हनला, त्यांना आधी घेऊन या."

मी म्हटलं, "बघू आप्पा, पुढच्या आठवड्यात."

"पुढचा आठवडा न्हाई. उद्या सकाळची गाडी. म्या येतो संगं." आणि मग जमलेल्या सगळ्यांकडे वळून, "त्या दिशी चाळीपुढं म्या ज्याला ज्याला टिकंल म्हनलोय, त्येनं त्ये इसरून जावा. माझा अंगठा कांद्यापुरता हाय."

उभ्या आयुष्यात त्या माणसानं दिलेला निकाल मागं घेतला नव्हता. त्यासाठी लोक त्यांना मान देत होते, आणि तो मान त्यांनी त्या दुपारी माझ्या ओट्यापुढं उतरवून ठेवला. स्वतःला जीवदान मिळालेला माणूस आधी घरात जाऊन बायकोला सांगेल, देवापुढं साखर ठेवेल. आप्पांच्या घरच्यांना बातमी कळली ती आप्पा माझ्याशी बोलत असताना, मागं उभं राहून. आक्का तिथंच मटकन खाली बसल्या आणि हसत हसत रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या डेमूत बसलो. आप्पांनी संडासाजवळची सीट निवडली. "आपल्यासारख्यान्ला हाच फस्क्लास," म्हणाले. गाडीत आप्पा कसलाच निकाल देत नव्हते. दर दोन स्टेशनांनी एकजण उठायचा, दुसरा जागा धरायचा.

डॉक्टर पोरगेलासा होता, पण समजावून सांगायची हौस असलेला. म्हणाला, "रक्तातला हा आकडा ग्रंथीतूनच येतो. आप्पांची ग्रंथी एवढी मोठी आहे, की नुसत्या आकारामुळं तेवढा आकडा येऊ शकतो. तुमची लहान आहे. लहान ग्रंथी तेवढाच आकडा दाखवत असेल, तर तो आला कुठून, हे आम्हाला शोधावं लागतं. शिवाय लहान ग्रंथीत कॅन्सर सापडला तर तो बऱ्याचदा जास्त जोरकस निघतो."

"म्हंजी मोठी चांगली," आप्पा म्हणाले. नवा न्याय त्यांनी लगेच पाठ करायला घेतला होता.

"तसंही नाही आप्पा. मोठ्या ग्रंथीतही वाईट निघू शकतो आणि लहानीत काहीच नसू शकतं. आकारावरून नुसता अंदाज येतो."

"मंग निकाल कशावर द्यायचा?"

"उघडून तपासल्यावर."

आप्पांनी जरा विचार केला. "चाळ उघडून बघायची म्हना की," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, पडा आडवं."

माझ्या ग्रंथीत होतं ते गरीब नव्हतं. जोरकस जातीचं होतं, पण अजून कुंपणाबाहेर गेलेलं नव्हतं. आणखी वर्षभर मी बिनघोर बसलो असतो तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "तो विचार आता कशाला करायचा?" मला उत्तर मिळालं. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढून टाकली. नाशिकहून मुलगा आला, सगळं धावपळीनं केलं, पण ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर तो आणि माझी बायको यांच्या मधल्या खुर्चीत आप्पा बसलेले होते. बायको सांगते, ते पूर्ण वेळ अंगठा मुठीत दाबून बसले होते. कुणीतरी विचारलं, पेशंट तुमचे कोण? आप्पा म्हणाले, "माझ्या चाळीतला हाय."

त्या ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही. लहान मुलासारखं लंगोट बांधून बसावं लागतं. मी दार लावून घेतलं. कुणाला भेटेना, चाळीपुढं जाईना. पार्सल ऑफिसात तीस माणसांवर डाफरलेला मी, आता शिंक आली तरी घाबरत होतो. बायकोनं हाका मारून पाहिल्या. शेवटी भिंतीपलीकडून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज आला.

"मास्तर! थेंब थेंब गळतंय व्हय?"

मी उशीत तोंड खुपसलं.

"आवो, सरकार ठिबकला अनुदान देतंय! तुमचं फुकाट चालू झालंय! या भायेर!"

माझी बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की तिच्या हातातलं उलथनं पडलं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. मीही हसलो, आणि हसल्यामुळं जे व्हायचं ते झालं, आणि त्याचंही हसू आलं. त्या संध्याकाळी मी चाळीपुढं जाऊन बसलो. पुढं रोज आप्पा विचारत, "ठिबक बंद झालं का?" ज्या दिवशी मी "झालं" म्हटलं, त्या दिवशी त्यांनी मंडळाला भेळ आणून चारली. कशाबद्दल, ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली. माणसाबद्दल निकाल देणं. कांदा दाबत, नारळ दाबत, पण पुढं कुणी मुलगा बघायला नेलं की म्हणत, "तुमचं तुमी बघा." बाजाराच्या दिवशी ओळखीचा, साठीचा गडी दिसला की भर गर्दीत त्याला थांबवत. "लघवीला तरास हाय का? लाजू नको. मोठी हाय म्हनून रडू नको, बारकी हाय म्हनून नाचू नको. तपासून घे." कितीजण त्यांना टाळून पलीकडच्या गल्लीनं जात. काहीजण मात्र गुपचूप तपासून आले, हे मला माहीत आहे.

मला मात्र त्यांच्या तोंडून एकदा तो शब्द ऐकायचा होता. दर वेळी रक्ततपासणीचा रिपोर्ट चांगला आला की मी त्यांच्यापुढं धरायचो. "काय आप्पा? टिकेल का?" ते कागद परत करत. "डाक्टरला इचारा." मी चिडवायचो, आर्जव करायचो. ते हलायचे नाहीत. शिकल्या-सवरल्या माणसानं अंगठ्याच्या निकालासाठी अडून बसावं, हे मलाही हास्यास्पद वाटायचं. पण बायोप्सीच्या त्या दिवसापासून माझ्या आत जे थरथरत होतं ते कुठल्याच रिपोर्टनं थांबत नव्हतं.

आप्पांची ती मोठी ग्रंथी शेवटपर्यंत जिथल्या तिथं, गरिबासारखी पडून राहिली. डॉक्टर अधूनमधून तपासायला बोलावत, आप्पा त्या फेरीला "चाळ उलथायला चाललोय" म्हणत. ते गेले ते वेगळ्याच दुखण्यानं. थंडीत छाती भरली आणि मग पुरता जोर आलाच नाही. जायच्या थोडे दिवस आधी, दुपारी, चाळीपुढं बाजेवर उन्हाला पडले होते. मी शेजारी बसलो होतो. मग म्हणाले, "मास्तर, खाली वाका."

मला वाटलं पाणी हवंय. मी वाकलो. त्यांनी हात वर केला, माझ्या मानेवर मागच्या बाजूला अंगठा टेकवला आणि दाबला. ताकद नव्हती, पण जागा बरोबर होती. मग तो अंगठा नाकाशी नेला. डोळे अर्धे मिटले. कुठल्याही कांद्याला लावला नव्हता इतका वेळ लावला.

"टिकंल," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पर तपासत ऱ्हावा."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वयानं ते माझ्याहून मोठे होते, पण त्यासाठी नाही ठेवलं. मला मिळालेली ही पुढची सगळी वर्षं, नातीची पहिली शाळा, बायकोबरोबरचा सकाळचा चहा, ही त्यांची आहेत. हे त्यांना बोलून दाखवायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. मी बोललो. त्यांनी "बरं बरं" म्हणून हात झटकला आणि बायकोनं आज काय भाजी केली ते विचारलं.

चाळ आता थोरला बघतो. तो कांदा चांगला ओळखतो, पण निकाल देताना जरा अडखळतो.

दर सहा महिन्यांनी मी रक्त द्यायला दौंडला जातो. लॅबमधली मुलगी सुई काढते, कापूस ठेवते आणि म्हणते, "काका, अंगठ्यानं दाबून धरा." मी दाबून धरतो. तिनं सोडा म्हटलं की सोडतो, आणि हात आपोआप वर जातो. अंगठ्याला स्पिरिटचा वास असतो. पहिल्यांदा त्या मुलीनं विचारलं होतं, "काका, वास कसला घेताय?" आता विचारत नाही. माझा अंगठा नाकाशी असेपर्यंत ती पुढच्या पेशंटला थांबवून ठेवते.